बेल्ट ग्राइंडर : पुण्यात स्वतः बनवावा की तयार घ्यावा? खर्चाबाबत सल्ला हवा आहे

पटाशीवाली, वारजे

नमस्कार मंडळी,

मी हौशी लाकूडकाम करते. पटाश्या आणि रंध्याच्या पात्यांना धार लावायला सहाण पुरते, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या बाजारातून आणलेल्या पटाश्यांची तोंडं पार झिजलेली, तुटलेली असतात. ती नव्यानं घडवायची तर बेंच ग्राइंडरच्या दगडावर दोन अडचणी येतात. दगड गोल असल्यामुळे उतार पोकळ येतो आणि पातळ टोक बघता बघता निळं पडतं. शिवाय घरच्या वापराच्या सुऱ्या स्वतः करायची फार दिवसांची इच्छा आहे. म्हणून बेल्ट ग्राइंडर, म्हणजे फिरत्या खरखरीत पट्ट्यावर पोलाद घासायचं मशीन, हवा आहे.

घरामागे पत्र्याची शेड आहे. वीज सिंगल फेज. ड्रिलिंग, टॅपिंग मला जमतं, वेल्डिंग येत नाही. बजेट ३०,०००, ओढूनताणून ३५,०००.

बाजारात तीन प्रकार दिसले. टेबलावर ठेवायचा छोटा, २५ बाय ७६२ मिमी पट्ट्याचा, सात-आठ हजारांत मिळतो. फाउंड्रीत कास्टिंग साफ करायला वापरतात तसला थ्री फेजचा पंचवीस ते चाळीस हजारांत. आणि चाकू बनवणारे वापरतात तो ५० बाय १८३० चा, व्हीएफडीसकट (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारा आणि तिचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर), पन्नास-साठ हजारांच्या घरात. व्हिडिओंमध्ये लोक जुन्या ट्रेडमिलची मोटर काढून अगदी स्वस्तात ग्राइंडर उभा करताना दिसतात. आपल्याकडे स्वतः बनवून खरंच पैसे वाचतात का? वाचत असतील तर नेमके कशात?

खटपट्या

ताई, ट्रेडमिलचा नाद सोडा. आपल्याकडे तशा मोटरी भंगारात सहज मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी बहुतेक उघड्या असतात. त्यांचा पंखा आतून हवा ओढतो आणि त्या हवेबरोबर लोखंडाची भुकटी थेट वाइंडिंगवर जाते. ग्राइंडरला पूर्ण बंद, बाहेरून पंखा असलेली मोटरच हवी. दुकानात टीईएफसी म्हणून मागा.

टूलरूम, भोसरी

पटाशीवाली ताई, प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. भाव मी गेल्या काही महिन्यांत चौकशी केलेले आहेत, जीएसटी धरून. हजार-पाचशे इकडे-तिकडे होतील.

मोटर, व्हीएफडी आणि चाकं हे तीन खर्च तुम्हाला टाळता येत नाहीत. मशीन तयार घ्या किंवा बनवा, हे पैसे कोणाला तरी द्यावेच लागतात. दीड एचपीची थ्री फेज मोटर साडेआठ हजार, दोन एचपीचा व्हीएफडी साडेनऊ हजार, अॅल्युमिनियमची टर्न केलेली चाकं बेअरिंगसकट सहा हजार. झाले चोवीस हजार. फ्रेम पाच हजार, स्प्रिंग, नॉब, बोल्ट यांचे दीड हजार, वायरिंग, एमसीबी आणि इमर्जन्सी स्टॉपचे दोन हजार, पहिल्या खेपेचे पट्टे दोन हजार. बेरीज साडेचौतीस हजार. वाचतात ते तयार मशीनमधली मजुरी आणि नफा, म्हणजे पंधरा ते वीस हजार. ज्याला हाताशी लेथ आहे त्याचे चाकांवरही वाचतात. नसेल तर उगाच घरगुती ड्रिलवर चाकं गोल करायच्या फंदात पडू नये. चाक पाव मिलिमीटर जरी हललं तरी पट्टा थडथडतो आणि ती प्रत्येक थडथड पात्यावर उमटते.

वेल्डिंग येत नाही ही अडचण समजू नका. वेल्डिंग केलेली फ्रेम ओढली जाते, वाकते, मग ती सरळ करत बसावं लागतं. १० मिमीची प्लेट लेझर कटिंगला द्या आणि सगळी फ्रेम बोल्टवर जोडा. भोसरीत, चाकणला डीएक्सएफ (ड्रॉइंगची) फाइल घेऊन काप करून देणारे पुष्कळ आहेत. १० मिमी प्लेटचं वजन चौरस मीटरला साडेअठ्ठ्याहत्तर किलो. तुमच्या फ्रेमला पाव चौरस मीटर पुरेल, म्हणजे वीस किलोच्या आत-बाहेर. लहान जॉब म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांना सांगा, उरलेल्या तुकड्यातून काढून द्या, घाई नाही. बरेच जण तयार होतात.

दीड एचपीच का? चार पोलच्या मोटरमध्ये दीड आणि दोन एचपी दोन्हींची फ्रेम, म्हणजे मोटरच्या बॉडीचं माप, ९० नंबरची येते. शाफ्ट २४ मिमी आणि शाफ्टची उंची ९० मिमी, दोन्हीत सारखी. पुढे मोटर बदलली तर ड्राइव्ह व्हील (मोटरच्या शाफ्टवरचं, पट्टा फिरवणारं चाक) तेच चालतं, फक्त पायाच्या भोकांतलं लांबीचं अंतर १०० ऐवजी १२५ होतं. ती जादा भोकं आत्ताच लेझरला पाडून घ्या. एक एचपी घेतलीत तर शाफ्ट १९ चा, उंची ८० ची, आणि नंतर सगळंच बदलावं लागेल.

धायरीकर

टूलरूम काकांचा हिशेब बरोबर आहे, पण मी वेगळं सांगेन. ताई, तुम्हाला लाकूडकाम करायचं आहे की मशीन बनवायचं आहे? प्लेट भोसरीत, चाकं नांदेड फाट्याला नाहीतर नऱ्ह्याला, बेअरिंग आणि बोल्ट बोहरी आळीत, इलेक्ट्रिकचं सामान तपकीर गल्लीत. प्रत्येक ठिकाणी "परवा या" ऐकायचं. नोकरी सांभाळून हे करणाऱ्याचा सगळा मोसम त्यात जातो आणि पटाश्या तशाच पडून राहतात. ज्याला वर्षाकाठी दहा-वीस पाती करायची आहेत त्यानं आठ हजारांचा छोटा घ्यावा, वापरून बघावा. आवड टिकली तर मोठा. छोटा विकतानाही निम्मे पैसे येतात.

टूलरूम, भोसरी

धायरीकर, वेळेचा मुद्दा मान्य. छोट्याचा मात्र नाही. पंचवीस मिमी पट्ट्यावर चाळीस मिमी रुंद सुरीचा उतार एकसारखा काढणं शिकणाऱ्याला फार जड जातं, हाताखाली पट्ट्याची कड सारखी टोचत राहते आणि रेघा पडतात. वेगही एकच आणि जास्त. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून बुडवून कडक केलेल्या, पात्याला हळू वेग हवा. पात्याच्या कडेवर गवती पिवळा रंग दिसला म्हणजे तापमान २२०-२३० अंशांच्या आसपास पोचलं. निळा दिसला म्हणजे ३०० च्या जवळ गेलं आणि तिथला कडकपणा गेला. धार लावायला छोटा उत्तम आहे. घडवायला नाही.

पटाशीवाली, वारजे

दोघांचेही मनापासून आभार. धायरीकर दादा, तुमचा प्रश्न मी स्वतःला विचारला. मशीन बनवायची आवड आहे, नाही असं नाही, पण पावसाळ्यापर्यंत ते चालू व्हायला हवं.

काका, वेग किती धरायचा? आणि ५० बाय १८३० हेच माप का घ्यायचं? इथे पट्टे मिळतात का त्या मापाचे?

अॅब्रेसिव्ह

पट्ट्यांचं मी सांगतो, माझा रोजचा धंदा तोच आहे.

५० बाय १८३० म्हणजे अमेरिकेतलं २ इंच बाय ७२ इंच. तिकडचे चाकूवाले हेच वापरतात म्हणून डिझाइनं या मापाची मिळतात. आपल्याकडे दुकानात लटकलेले तयार पट्टे या मापाचे कमी दिसतील, पण त्यानं अडत नाही. पट्टे मोठ्या रोलमधून कापून, सांधा मारून ऑर्डरप्रमाणे बनतात. कुठल्याही लांबीचे बनतात. फक्त एका ग्रिटचे (दाण्याच्या जाडीचे) किमान काही नग घ्यावे लागतात. दोन-तीन जणांनी मिळून ऑर्डर दिली की सोपं.

तयार मशीन घेणार असाल तर पट्टा कुठल्या लांबीचा आणि तो पुण्यात कोण बनवून देईल, हे पैसे देण्याआधी विचारा. आडमापाचं मशीन स्वस्तात घेतलेले लोक नंतर पट्ट्यांसाठी त्याच विक्रेत्याच्या दारात उभे राहतात.

साधा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा पट्टा दीडशे-दोनशेला पडतो, सिरॅमिकचा चारशे ते सातशे. चाळीस आणि साठ ग्रिटसाठी सिरॅमिकच घ्या. महाग वाटतो, पण कडक पोलादावर साधे तीन-चार संपतात तेवढ्यात तो एक चालतो आणि पात्याला गरम कमी करतो. एकशे वीसपासून पुढे साधे चालतील. नॉर्टन, कुमी दोघांचेही रोल पुण्यात मिळतात. वर्षभर नेटानं काम केलंत तर पट्ट्यांचा खर्च मोटरच्या किमतीला गाठतो, तेव्हा बजेट मांडताना तोही धरा.

पावसाळ्यात पट्टे शेडमध्ये ठेवू नका. कापड ओल धरतं, पट्टा वळतो, सांधा सुटतो. घरात, जाड पाइपवर टांगा. खिळ्यावर टांगला की तिथे मोड पडते आणि तो तिथेच फाटतो. आतल्या बाजूला बाण असतो, त्याच दिशेनं चढवा.

टूलरूम, भोसरी

वेगाचं गणित सोपं आहे. ड्राइव्ह व्हीलचा व्यास गुणिले ३.१४ गुणिले आरपीएम. चार पोलची मोटर साधारण १४३० फिरते. १५० मिमीचं चाक बसवलंत तर मिनिटाला ६७४ मीटर, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. व्हीएफडीवर ७५ हर्ट्झपर्यंत नेलंत तर सतरा. मऊ पोलाद उतरवायला सतरा, पाणी दिलेल्या पात्याला पाच-सहा. तुमच्या दोन्ही कामांना पुरेसं आहे. मात्र वीस हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवू नका. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तो हळू फिरला की मोटर तापते.

वरचं ट्रॅकिंगचं चाक मध्यभागी किंचित फुगीर ठेवायला सांगा, पाऊण मिलिमीटर पुरे. पट्टा आपोआप जास्त व्यासाकडे चढतो, त्यामुळे मधोमध राहतो. बाकीची चाकं सपाट. बेअरिंग ६२०३, रबर सीलचे. पत्र्याच्या झाकणाचे घेऊ नका, भुकटी आत जाते. आणि लेथवाल्याला सांगा, बेअरिंग बसवून झाल्यावर बाहेरचा शेवटचा काप घे.

वायरमन

इथे कोणी विजेचं नीट लिहिलेलं दिसत नाही, आणि पैसे वाया जातात ते इथेच.

सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी बाहेर थ्री फेज देतो, पण २३० व्होल्टचीच. आपल्याकडे दोन एचपीपर्यंतच्या मोटरी साधारणपणे ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र) जोडलेल्या येतात, आणि बऱ्याच मोटरींत स्टारचा सांधा आत वाइंडिंगमध्येच असतो. बाहेर तीनच वायरी. ती मोटर २३० वर फिरेल, आवाजही ठीक येईल, पण जोर जेमतेम एक तृतीयांश राहील. पातं टेकवलं की थांबेल. लोकांना वाटतं व्हीएफडी खराब आहे. तेव्हा मोटर घेताना टर्मिनल बॉक्स उघडायला लावा. आत सहा टोकं हवीत, म्हणजे डेल्टा (वाइंडिंग त्रिकोणात जोडणं) करता येतो.

सिंगल फेजची कपॅसिटरवाली मोटर व्हीएफडीवर चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

व्हीएफडी इनपुटला चौदा-पंधरा अॅम्पिअर ओढू शकतो. साध्या सहा अॅम्पिअरच्या पॉइंटवर लावू नका. मीटरपासून वेगळी लाइन, वीस अॅम्पिअरचा एमसीबी, चार चौरस मिमीची वायर, अर्थिंग तपासलेलं. घरात ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असेल तर व्हीएफडीच्या फिल्टरमधल्या गळतीनं तो अधूनमधून उडू शकतो. उडाला म्हणून काढून टाकू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा. आणि स्वस्तातला व्हीएफडी उघडा असतो. त्याला बंद डब्यात ठेवा, डबा ऐसपैस घ्या, शक्यतो शेडच्या भिंतीपलीकडे लावा.

खटपट्या

ताई, एक विनंती. तुम्ही लाकूडकाम करता म्हणून मुद्दाम लिहितोय. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि लाकडाचा भुसा एका शेडमध्ये एकत्र येऊ देऊ नका. ठिणगी भुशात पडली की तास-दोन तास आतल्या आत धुमसते आणि तुम्ही घरी जाऊन झोपल्यावर पेटते. पट्ट्याखाली पाण्याची बादली ठेवा, काम संपल्यावर शेड झाडा आणि थोडा वेळ थांबा. अॅल्युमिनियम त्या मशीनवर घासूच नका. त्याची भुकटी आणि लोखंडाची भुकटी मिसळली तर आग भयंकर लागते. सुरीची मूठ लाकडाची असेल तर तीही घासण्याआधी बादली रिकामी करून मशीन पुसा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, रबरी हाफ मास्क आणि बदलायचे फिल्टर घ्या. हातमोजे नकोत, पट्ट्यात ओढले जातात. हे दोन हजार रुपये वरच्या हिशेबात कुणीच धरलेले नाहीत, ते धरा.

धायरीकर

हे सगळं वाचून माझं मत थोडं बदललं. ताई, मधला मार्ग बघा. चाकांचा पूर्ण संच तयार मिळतो, आठ-नऊ हजारांना. लेथवाल्याकडच्या फेऱ्या वाचतात. मग प्लेट कापून आणणं आणि मोटर, व्हीएफडी घेणं एवढंच उरतं. पावसाळ्याच्या आत होईल.

पटाशीवाली, वारजे

ठरलं. चाकं तयार, फ्रेम लेझरवर, मोटर दीड एचपी. मास्क धरून हिशेब चाळीस हजारांच्या जवळ जातोय, म्हणून रबरचं मोठं कॉन्टॅक्ट व्हील (पट्ट्याला मागून आधार देणारं चाक) आत्ता घेणार नाही, फक्त सपाट प्लेटन, म्हणजे पट्ट्यामागची आधाराची प्लेट. पटाशीला सपाटच हवं. उरलेले पाच हजार दोन महिन्यांत जमवते.

वायरमन दादा, एका दुकानदाराकडे तीन टोकांचीच मोटर आहे. "आत सांधा उघडून सहा काढून देतो" म्हणतो. चालेल का?

वायरमन

करता येतं, चांगला वाइंडर असेल तर. पण नव्या मोटरची वॉरंटी तिथेच संपते. त्यापेक्षा ऑर्डर देतानाच "२३० डेल्टा / ४१५ स्टार" असं लिहून द्या, आठवडाभर थांबायला लागलं तरी चालेल. मोटर आली की नेमप्लेटवर दोन्ही व्होल्टेज आणि दोन्ही अॅम्पिअर छापलेले आहेत का बघा. व्हीएफडीमध्ये मोटरचा करंट भरताना डेल्टाचा, म्हणजे मोठा आकडा टाकायचा. आणि इमर्जन्सी स्टॉप व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवर जोडा. व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये कुठलाही स्विच बसवू नका. चालू असताना तो तोडला की व्हीएफडी जातो.