जाहिरातीच्या ओळीतला नकळत आलेला द्वयर्थ ग्राहकाला कसा सांगावा?

प्रश्न
बेळगावात माझा फ्लेक्स छपाईचा व्यवसाय आहे. खानापूर तालुक्यातल्या एका वयस्कर दुकानदारांनी बोअरच्या पंपासाठी ‘कितीही खोल, जोर कायम!’ ही ओळ स्वतः लिहून आणली असून शेजारी हसऱ्या शेतकरी बाईंचे चित्र हवे आहे. त्यांच्या मनात केवळ पाण्याचा दाब आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु फलक लागताच नाक्यावरची पोरे ती ओळ कशी म्हणतील, हेही मला स्पष्ट दिसते. वडिलांच्या वयाच्या माणसाला हे कोणत्या शब्दांत सांगावे?

उत्तर १
दोष ‘खोल’ किंवा ‘जोर’ या शब्दांचा नाही. ओळ आटोपशीर करण्याच्या नादात नाम गळाले आहे: काय खोल आणि कशाचा जोर, हे वाक्यात कुठेच नाही. मोकळी राहिलेली ती जागा वाचणारा शेजारच्या चित्रावरून भरतो आणि इथे चित्र बाईचे आहे. घ्या, घाला, काढा, दाबा ही क्रियापदे कर्माविना छापली की हेच घडते. गादी, तेल, टॉनिक यांच्या जाहिरातींत तर हमखास. म्हणून ‘३०० फूट खोल बोअरमधूनही पाण्याचा दाब कायम’ असे लिहावे आणि चित्र पाटात पडणाऱ्या पाण्याचे घ्यावे. पंपाची क्षमता तेवढी आहे ना, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

उत्तर २
अशा ओळीची चर्चा होते, म्हणून ती राहू द्यावी, असे काही जण सुचवतील. मला ते मुळीच पटत नाही. आमच्या भागात शेताचा व्यवहार पाहणाऱ्या कितीतरी बायका पंपाची चौकशी करायला स्वतः दुकानात येतात. त्यांना त्या फलकाखालून जाताना मान खाली घालावी लागणार असेल, तर ती चर्चा काय कामाची? १९८५ साली स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेची संहिताही, समाजातील शालीनतेच्या रूढ कल्पनांना धरून लोकांचे मन तीव्रपणे दुखावेल का, हे पाहते. हेतू शुद्ध होता, एवढ्यावर भागत नाही.
राहिला सांगण्याचा प्रश्न. द्वयर्थाचा विषयच काढू नका. “काका, गिऱ्हाईक आधी फूट आणि एचपी विचारते, तेच मोठ्या अक्षरांत घालूया,” एवढे म्हणा.

उत्तर ३
वरील युक्ती आजच्या फलकापुरती चालेल, पण हीच ओळ ते उद्या रिक्षावरच्या भोंग्यासाठी देतील. त्यांना एकट्याला बाजूला घेऊन, कामगारांसमोर नव्हे, “काका, टवाळ पोरे याचा भलता अर्थ काढतील,” असे स्पष्ट सांगावे. जुन्या माणसांना हे एका वाक्यात कळते. फलकावर कन्नड ओळही लागेलच. ती मराठीवरून शब्दशः उतरवू नका, कन्नड घरात वाढलेल्या एखाद्या बाईंकडून मोठ्याने वाचून घ्या.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. उद्या ते नमुना पाहायला येणार आहेत. तेव्हा त्यांना आत बसवून स्पष्टच सांगेन आणि फूट, एचपी घातलेला दुसरा नमुना तयार ठेवेन.