पिस्ता की मेंदी? पश्चिमेच्या खोलीला कोणता हिरवा

औसा रोड, लातूर: खोली 10 × 12, उंची 10 फूट. खिडकी एकच, तीही पश्चिमेला. खाली शहाबादी फरशी, वर पांढरी ट्यूब, जुना रंग आकाशी. घरात दोन तट पडलेत: पिस्ता आणि मेंदी. काय घ्यावं?

रंगकाम परभणी: पिस्ता, डोळे झाकून. एका खिडकीच्या खोलीत मेंदी उजेड गिळते, एक ट्यूब पुरणार नाही. गडद शेडच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात शेड मिसळतात त्या मूळ रंगात, टायटॅनियम (खालचं झाकणारी पांढरी पूड) कमी, म्हणून रंग नीट झाकत नाही. आकाशीवर पिस्ता दोन हातांत बसेल, मेंदीला तिसरा हात लागतोच. दार-खिडकी वजा जाता चारशे चौरस फूट भिंत आहे, जास्तीचा डबा आलाच.

बीडकर: नाही पटलं दादा. दुपारी चारचं ऊन आत आलं की पिस्ता पिवळट पडतो, अन् रात्री 6500 केल्विनच्या (निळसर पांढऱ्या उजेडाच्या) ट्यूबखाली तोच निळसर, दवाखान्याच्या वॉर्डासारखा. मेंदी इतकी बदलत नाही. तिसऱ्या हाताचं म्हणाल तर आधी करडा टिंट केलेला (रंग मिसळलेला) प्रायमर मारा, वाचतो.

रंगकाम परभणी: हात वाचेल, धुळीचं काय? उन्हाळ्यात पश्चिमेची खिडकी उघडी राहिली की गडद मॅटवर (बिनचकाकीच्या रंगावर) थर लगेच दिसतो. फडकं घासलं की चकाकणारे डाग पडतात, ते जात नाहीत.

बीडकर: मग मॅट घेऊच नका, थोडी शीन, म्हणजे चकाकी, असलेला घ्या.

नांदेड साइट: शीन घेतली तर त्या खिडकीच्या तिरप्या उजेडात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसेल. घर काळ्या मातीवर असेल तर भेगाही येत राहतात, अन् गडद शेडवर टचअप लपत नाही. माझं मत पिस्त्याला, पण ट्यूब बदलून 4000 केल्विनची, कमी निळसर उजेडाची लावा. शेडकार्डावर मात्र ठरवू नका. चार भिंतींवर रंग कार्डापेक्षा भडक वाटतो. दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर दोन्ही रंगांचे दोन-दोन हात द्या, कडेला पांढरी पट्टी सोडा, नाहीतर जुना आकाशी डोळ्याला फसवतो. पुरते वाळल्यावर आधी खिडकीशेजारी, मग समोरच्या भिंतीला लावून सकाळी, चारला अन् ट्यूबखाली बघा.

बीडकर: ट्यूब बदलायचीच तर मेंदीसाठी बदला की! तिथंही तेवढाच फायदा.

रंगकाम परभणी: कोणताही घ्या, सगळे डबे एकाच वेळी टिंट करून घ्या अन् मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. अन् तापलेल्या भिंतीवर दुपारी रोलर फिरवू देऊ नका, कड वाळते अन् पट्टे पडतात. मेंदीवर तर जास्तच.