‘ब्रॉडहेड’ला मराठीत काय म्हणावे?

ऐरोलीकर: धनुष्याने शिकार करणाऱ्यांसाठीच्या अमेरिकी माहितीपुस्तिकेचा अनुवाद हाती आहे. एल्क, मूस अशा मोठ्या जनावरांसाठी ब्रॉडहेड, म्हणजे बाणाच्या टोकाला बसवायचे धारदार पात्यांचे अग्र, कसे निवडायचे, असा भाग आहे. ‘रुंदडोके’ लिहिले तर वाचक हसेल. दुसरे काय लिहू?

कोपरी पूर्व: फाळ. संस्कृतात बाणाच्या पात्याला ‘फल’ म्हणतात. ‘भल्ल’ही आहे, पण वाचणाऱ्याला भालाच दिसेल. ‘क्षुरप्र’ अर्थाला जवळचा, वस्तऱ्यासारख्या धारेचा. पण तो पुराणातच बरा.

वाशी तिरंदाज: नुसता फाळ चालणार नाही. सरावाचा पॉइंट, म्हणजे बाणाचे बिनपात्याचे साधे टोक, फक्त घुसतो, ब्रॉडहेड कापतो, आणि जनावर मरते ते रक्तस्रावाने. म्हणून ‘पाते’ शब्दात यायलाच हवे. ‘पातीफाळ’ करा. मैदानावर मात्र सगळे इंग्रजीच बोलतात, हेही खरे.

ऐरोलीकर: पातीफाळ आवडला. मग ‘फिक्स्ड’ आणि ‘मेकॅनिकल’?

वाशी तिरंदाज: स्थिर पातीफाळ, उघडता पातीफाळ. ‘यांत्रिक’ नको, मोटर आहे असे वाटते. उघडत्याची पाती उडताना मिटलेली असतात, रबरी कडे किंवा प्लॅस्टिकची पट्टी ती धरून ठेवते, आणि आदळल्यावर उघडतात. त्या उघडण्यात बाणाची थोडी ताकद खर्च होते. तिरका मारा झाला तर एक पाते आधी टेकते आणि बाण वळू शकतो. मोठे हाड, जाड कातडे आणि कमी ओढीचे (दोरी खेचायला कमी जोर लागणारे) धनुष्य असेल तर स्थिरच बरा, तोही दोन पात्यांचा.

कोपरी पूर्व: ‘सिंगल बेव्हल’ला, म्हणजे एकाच बाजूने उतरत्या धारेला, ‘एकांगी धार’ म्हणा. सुताराच्या पटाशीला असते तशी.

वाशी तिरंदाज: चांगला शब्द. त्या धारेमुळे फाळ आत शिरताना फिरतो. पिसे उजवीकडे वळवून चिकटवली असतील तर धारही उजवीच हवी, नाहीतर दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढतात. हे वाक्य गाळू नका. आणि ‘ग्रेन’चा ‘दाणा’ करू नका! ते वजन आहे. 100 ग्रेन म्हणजे सुमारे 6.5 ग्रॅम, 125 म्हणजे 8.1. सरावाचा पॉइंटही त्याच वजनाचा घ्यायचा. तरीही स्थिर पातीफाळ वेगळीकडे लागतो, कारण पाती वारा धरतात. धनुष्य नीट जुळवलेले नसेल तर ती चूक इथे उघडी पडते. फाळ टेकवून बाण उभा गरगर फिरवावा. डगमगला तर फाळ वाकडा बसला आहे.

कोपरी पूर्व: ‘स्क्रू करा’ आले तर ‘पान्याने आवळा’ लिहा, बोटांनी नव्हे. पाती वस्तऱ्याइतकी धारदार असतात.

घोडबंदर: तळटीप विसरू नका. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार वन्यप्राण्यांची शिकार गुन्हा आहे. तिरंदाजीच्या स्पर्धेतही पातीफाळ चालत नाही, आणि सरावाचे फोमचे लक्ष्य तो चिरून टाकतो.

ऐरोलीकर: घेतो. ‘क्विव्हर’ला ‘भाता’च ठेवतो, पण पाती झाकणारे वरचे टोपण?

कोपरी पूर्व: टोपणच.