भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज: पावसाळ्याचा हिशेब कसा धरावा?

प्रश्न:
चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या सिमेंट कारखान्यात सहा टप्प्यांचा प्रीहीटर (भट्टीत जाण्याआधी कच्चा माल तापवणारा मनोरा) असून त्यातून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान साधारण २९० अंश, तर क्लिंकर कूलरमधून (भट्टीतून निघालेले तापलेले खडे, म्हणजे क्लिंकर, थंड करणाऱ्या यंत्रातून) सुटणाऱ्या हवेचे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. यावर बॉयलर बसवून वीज करण्याचा विचार चालू आहे. मात्र पावसाळ्यात चुनखडी ओली येते आणि ती सुकवण्यासाठी हाच वायू रॉ मिलला (कच्चा माल दळणाऱ्या गिरणीला) लागतो. मग विजेसाठी नेमके किती उरते, हे कसे ठरवावे?

प्रतिसाद १:
हिशेबाची सुरुवात रॉ मिलपासूनच करावी. मिल ताशी ३०० टन दळत असेल आणि ओलावा एका टक्क्यानेच वाढला, तरी ताशी सुमारे ३ टन पाणी जास्त उडवावे लागते. म्हणजे जवळजवळ १.९ मेगावॅट उष्णता तिकडेच खर्ची पडते. त्या उष्णतेची वीज जेमतेम पाचव्या हिश्शाइतकीच झाली असती, हे खरे. पण ओलावा चार-पाच टक्क्यांनी वाढला, तर तूट डोळ्यांत भरते. म्हणून बारा महिन्यांच्या ओलाव्याच्या नोंदी काढा आणि बॉयलरला बायपास डॅम्पर (वायू बॉयलरला वगळून थेट पुढे सोडणारी झडप) ठेवाच. वीज वाढावी म्हणून प्रीहीटरचा वायू मुद्दाम गरम ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नका, कारण तेव्हा आपण वाया जाणारी उष्णता नव्हे, तर विकतचा कोळसा वापरत असतो.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे. धुळीचाही विचार आत्ताच करावा. प्रीहीटरकडील धूळ पिठासारखी बारीक असते. एका शटडाउनमध्ये बॉयलर उघडला तेव्हा नळ्यांवर बोटभर जाडीचा थर बसलेला मी पाहिला आहे, कारण तो झटकणारे हातोडे कित्येक दिवस बंदच होते. कूलरकडील धूळ याउलट खरखरीत असून नळ्या झिजवते, त्यामुळे बॉयलरच्या आधी ती खाली बसवणारा कक्ष हवाच.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. नोंदी काढतो. चुनखडीचा ढीग सध्या उघड्यावरच असतो. त्यावर छप्पर घातल्यास किती ओलावा वाचेल, तेही याच हिशेबात धरतो.

प्रतिसाद १:
अवश्य धरा. छपराचा खर्च आणि वाढीव विजेची किंमत एकाच तक्त्यात मांडा.