गॅलरी ५० टक्के कमिशन मागतेय: शो करावा की भाड्याने हॉल घ्यावा?

कोपीतली_चूल

नमस्कार. मी कराडजवळच्या एका माध्यमिक शाळेत कलाशिक्षिका आहे. जीडी आर्ट (चित्रकलेची सरकारी पदविका) झाल्यावर लगेच नोकरी लागली, पण चित्र कधी सुटलं नाही. गेले काही गळीत हंगाम मी ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, चित्रांत रंगवतेय. पाचटाचं छप्पर, आतली तीन दगडांची चूल, बांबूला बांधलेली बाळाची झोळी, दाराशी टेकवलेले कोयते. बहुतेक काम तीन बाय चार फुटी कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये आहे, थोडं कागदावर चारकोलमध्ये.

मुंबईतल्या एका छोट्या खासगी गॅलरीने इन्स्टाग्रामवर चित्रं पाहून फोन केला. तिघांचा ग्रुप शो, विक्रीवर ५० टक्के त्यांचे, फ्रेमचा खर्च माझा. लेखी काही मिळेल का विचारलं तर म्हणाले, "आपल्यात कागद कशाला?" घरी हे म्हणतात, निम्मे पैसे देण्यापेक्षा मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत भाड्याच्या हॉलसाठी अर्ज कर, नाहीतर कोल्हापूरला हॉल घेऊ.

५० टक्के रास्त आहेत का? आणि मी पूर्ण वेळ चित्रकार नाही, सुट्टीत आणि रात्री काम करते. अशा माणसाला गॅलरी मनापासून उभं करते का?

खिळा_आणि_दोरी

ताई, दक्षिण मुंबईच्या गॅलऱ्यांमध्ये चित्रं टांगण्यात आणि बांधण्यात माझी उमर गेली. भिंतीच्या मागच्या बाजूने जे दिसलं ते सांगतो.

५० टक्के हा चालू दर आहे. काही ठिकाणी ३०-४० वरही ठरतं, पण निम्मं ऐकून दचकू नका. त्या निम्म्यात तुम्हाला काय मिळणार, हे मात्र विचाराच. शो चालू असताना चित्रांखाली लाल टिकल्या (म्हणजे 'विकलं') लागल्या म्हणजे काम झालं असं नसतं. खरी गॅलरी शो उतरल्यावर कळते. न विकलेली चित्रं पावसाळ्यात कोरडी ठेवते का, कोणतं चित्र कोणाकडे गेलं याची नोंद ठेवते का, दोन वर्षांनी एखादा संग्राहक आला तर गोदामातून तुमचा कॅनव्हास काढून दाखवते का? कमिशन या कामाचं असतं.

मुंबईचे गॅलरीवाले केकू गांधी यांचं उदाहरण घ्या. १९४१ मध्ये त्यांनी केमोल्ड नावाने फ्रेमचा धंदा सुरू केला. चित्रकार फ्रेम करायला यायचे, गांधी त्यांची चित्रं दुकानात लावायचे. पुढे १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर त्यांची गॅलरी केमोल्ड सुरू झाली. खाली जहांगीरचे भाड्याने मिळणारे हॉल, जिथे आठवडा सरला की दुसऱ्याची चित्रं लागतात. वर ही गॅलरी, जी आपल्या चित्रकारांना वर्षानुवर्षं धरून राहिली. प्रभाकर बरवे तिथले, भूपेन खख्खर तिथले. एका इमारतीत दोन्ही पद्धती होत्या आणि दोन्हींची गरज होती.

नोकरीचं मनात आणू नका. खख्खर बडोद्यात हिशेबनिसाची नोकरी करत चित्रं काढायचे. सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते, २००५ पर्यंत डॉक्टरकी करत रंगवत राहिले, आणि त्यांच्या चित्रातले लोकलचे प्रवासी, कामगार, इराण्याकडे बसलेली माणसं आज आपल्या शहराची ओळख झाली आहेत. गॅलरीला काम सातत्याने येतंय का एवढंच बघायचं असतं. तुमचा तर एक विषय धरून हंगामामागून हंगाम चाललाय. ही तुमची फार मोठी जमेची बाजू आहे.

छोट्या जागेला कमीही लेखू नका. चंद्रपूरच्या सास्ती गावचा चित्रकार प्रभाकर पाचपुते, घरच्या तीन पिढ्या कोळसा खाणीत. त्याचं पहिलं एकल प्रदर्शन २०१२ मध्ये क्लार्क हाउसमध्ये झालं. चित्रकार आणि क्युरेटर (प्रदर्शनाची निवड-मांडणी करणारे) तेव्हा मिळून चालवत असलेली कुलाब्याकडची जागा ती. तो कोळशाने थेट भिंतीवर काढतो. शो संपला की भिंत पुसली जाते, मग विकायचं काय? तरीही त्या लोकांनी भिंत दिली. असली हिंमत भाड्याचा हॉल दाखवत नाही, त्याला दाखवायची गरजही नसते.

मात्र कागद नाही तर चित्र नाही. यात तडजोड करू नका. एक गॅलरी अचानक बंद झाली तेव्हा मी तिथली चित्रं उतरवत होतो. एका चित्रकाराचे कॅनव्हास आत अडकले. पावती नसल्यामुळे हे माझंच, हे सिद्ध करताना त्याच्या नाकी नऊ आले. चित्रामागे सही होती म्हणून निभावलं. चित्रांची यादी, मापं, प्रत्येकाची किंमत, कमिशन, ग्राहकाला सवलत दिली तर ती कोणाच्या वाट्यातून, पैसे किती दिवसांत, उरलेली चित्रं कधी आणि कोणाच्या खर्चाने परत, वाटेत आणि गॅलरीत विमा कोणाचा. एका पानात मावतं. त्याला आमच्यात कन्साइनमेंट नोट म्हणतात आणि चांगला गॅलरीवाला ती स्वतःहून पुढे करतो.

पंचगंगा_घाट

वरच्या काकांचं बरंचसं पटलं, पण हॉलची बाजू कोणीतरी मांडायला हवी. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे बाबूराव पेंटरांच्या काळापासून चित्र बघायला माणूस चपला काढून येतो. दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात मी दोनदा प्रदर्शन केलं. भाडं परवडलं, विक्री जेमतेम झाली. पण भाजी घेऊन घरी निघालेली माणसं आत येऊन चित्रासमोर उभी राहिली, प्रश्न विचारले, एक आजोबा तर दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन आले. कुलाब्यातल्या गॅलरीत काचेचं दार ढकलायलाच आपला माणूस बिचकतो. कोप्यांची चित्रं ज्यांच्या शिवारात कोप्या पडतात त्यांनी आधी बघावीत असं मला मनापासून वाटतं. जहांगीरच्या हॉलसाठी मात्र वर्षं मोजावी लागतात. अर्ज आजच टाका, पण त्यावर बेत आखू नका.

वकिली_रंग

कायद्याचं थोडं. चित्र विकलं तरी कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, तो द्यायचा तर लेखी करार लागतो. त्यामुळे कॅलेंडर, पुस्तकाचं मुखपृष्ठ, प्रिंट यांचे हक्क परस्पर कोणाला देऊ नका. दुसरं, कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ५३ए. मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला त्या किमतीत वाटा मागता येतो, कमाल १० टक्क्यांपर्यंत. तो आपोआप घरी चालत येत नाही. चित्र कोणाकडे गेलं हेच माहीत नसेल तर मागणार कोणाकडे? म्हणून खरेदीदाराचं नाव तुम्हाला कळवायचं, ही अट त्या पानावर घाला. काही गॅलऱ्या नाव द्यायला का कू करतात. तिथे नेट धरा.

कोपीतली_चूल

सगळ्यांचे खूप आभार. काल गॅलरीला फोन करून लेखी हवं म्हणून स्पष्ट सांगितलं. थोडा वेळ गप्प झाले, मग म्हणाले मसुदा पाठवतो. कोल्हापूरचे दादा म्हणतात ते खरं आहे, ऊसपट्ट्यात आधी दाखवायला हवं. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला हॉल मिळतो का बघते. काका, एक विचारायचं होतं, घरून विकताना मी निम्म्या किमतीला देते. ते चालेल का? आणि एवढे मोठे कॅनव्हास मुंबईला न्यायचे कसे?

खिळा_आणि_दोरी

निम्म्या किमतीला अजिबात नको. गॅलरीत ४० हजार आणि कराडला २० हजार हे एकदा बाहेर पडलं की ४० हजाराला घेणारा फसल्यासारखा होतो आणि गॅलरी तुमचा हात सोडते. सगळीकडे एकच भाव. कोल्हापूरच्या हॉलमध्येही तोच, फक्त तिथे कमिशन जाणार नाही. तुमच्या लोकांना परवडावं म्हणून कागदावरची छोटी चारकोल कामं वेगळ्या, कमी भावाने ठेवा. कोल्हापूरला कोणती चित्रं लावणार ते गॅलरीला आधी सांगा.

नेण्याचं म्हणाल तर ॲक्रिलिकला बबल रॅप थेट लावू नका. टेम्पोत ऊन लागलं की रंग मऊ होतो आणि फुग्यांचे गोल वण पृष्ठभागावर उठतात, ते जात नाहीत. आधी सिलिकॉनचा रिलीज पेपर (रंगाला न चिकटणारा कागद), मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला, कोपऱ्यांना जाड पुठ्ठा. टेम्पोत चित्रं उभी ठेवा. गुंडाळून न्यायचा प्रसंग आलाच तर रंगाची बाजू बाहेर ठेवून मोठ्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर गुंडाळा, आत ठेवली तर रंग दाबला जाऊन चिरा पडतात. चारकोलवर फिक्सेटिव्ह (भुकटी धरून ठेवणारा फवारा) मारून दोन कागदांमध्ये ग्लासिन (पातळ गुळगुळीत कागद) घाला. प्रत्येक चित्राच्या मागे नाव, साल, माप, माध्यम आणि सही. निघण्याआधी पुढून आणि मागून दोन्ही बाजूंचे फोटो काढून गॅलरीला मेल करा, म्हणजे पोचल्यावर कोपरा दबलेला निघाला तर वाद राहत नाही. मसुदा आला की नावं झाकून इथे टाका, बघू.