उत्तर: उत्तर: सुताराचं बिल – २२ तारखेच्या आत ठरवा

प्रेषक: माई (सध्या मुक्काम लक्ष्मीनगर, नागपूर)

मंडळी,
काल पुन्हा इथल्या शाळेत जाऊन आले. आपल्या फिलाडेल्फियाच्या मराठी मंडळाने ज्या सावली मोजायच्या प्रयोगासाठी पैशांचं आवाहन केलं, त्याच्या काठ्या तयार आहेत. बारा नग, एकेक मीटरच्या, बुडाशी चौकोनी पाट, वर ओळंबा सोडायला खिळा. लाकूड लकडगंजातलं, काम इतवारीतल्या सुताराचं. ७,२०० झाले. वर्गाच्या बाईंनी २,००० पदरचे दिले. उरलेले ५,२०० आल्याशिवाय तो काठ्या देत नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.
खजिनदारांचा निरोप मिळाला की जीएसटी बिलाशिवाय पैसे नाहीत. अहो, तो बोळात एकटा बसून रंधा मारून राहिला. वहीचं पान फाडून हिशेब लिहून दिला, फोटो जोडते. वर 'श्री' आहे, खाली सही आहे. अजून काय पाहिजे राजेहो?
२२ डिसेंबर गेला की प्रयोग पुढच्या वर्षावर. सूर्य आपल्या मीटिंगसाठी थांबत नाही.


प्रेषक: खजिनदार

माईंस सप्रेम नमस्कार.
नियम मी एकट्याने केलेला नाही. वाचनालयाच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. कपाटं आली, पुस्तकं आली नाहीत, आणि बिल म्हणून जे आलं ते मी अजून जपून ठेवलं आहे. त्यानंतरच्या सभेत 'पक्कं बिल आणि तीन कोटेशनं' यावर सगळ्यांनी हात वर केले होते. माईंचा हात पहिला होता.
लकडगंजात एवढी दुकानं असताना पावती देणारा एकही सुतार मिळू नये?


प्रेषक: ढोलपथक

नियम सर्वांना सारखा असावा एवढंच म्हणतो. मला ताशाच्या काड्यांचं बिल मागितलं होतं. काड्यांचं!
ता.क. ढोल अजून माझ्या गॅरेजमध्ये आहेत. गाडी दोन महिने बाहेर उभी आहे.


प्रेषक: वहिनी

मी इथे अमेरिकेत सरकारी शाळेत शिकवते, म्हणून बोलते. आमच्या डिस्ट्रिक्टचं फाउंडेशन शिक्षकांना अशाच छोट्या रकमा देतं. अभ्यासक्रमात नसलेलं पण मुलांना धरून ठेवील असं काही करायचं असेल तर एक-दोन पानांचा अर्ज, मुख्याध्यापकांची सही, शेवटी पावत्या, दोन फोटो आणि मुलांनी काय केलं यावर अर्धं पान. मागच्या वर्षी वर्गात पिल्लं उबवण्यासाठी मी एका शेतकऱ्याकडून बारा अंडी आणली. त्याने खाकी पिशवीवर रक्कम लिहून सही केली. ती पिशवी मी पावती म्हणून लावली आणि चालली. नऊ पिल्लं निघाली, त्याचीच चर्चा जास्त झाली.
पावती मागावीच. पण ज्याच्याकडे जीएसटी नंबरच नाही त्याच्याकडे नंबर मागून काय मिळणार?


प्रेषक: भाऊसाहेब

५,२०० रुपयांसाठी एवढी मेलामेली? मी जानेवारीत नागपूरला येतोच आहे. बाईंच्या हातात खिशातून देतो. आता भावाला फोन करतो, तो आज देईल. विषय संपला.


प्रेषक: खजिनदार

भाऊसाहेब, विषय संपत नाही. मार्चमध्ये आपण इकडचे नागरिक झालात (पार्टीला मीही होतो, पुडाची वडी फार छान होती). ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) म्हणजे नागरिकत्व नव्हे. परकीय देणगी कायद्याच्या लेखी आता आपण परकीय. रुपयांत दिले, नागपुरात दिले, हातात दिले, तरी परदेशी देणगीच. भावाच्या खांद्यावरून बंदूकही नको.
मंडळ तर परकीय आहेच. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेने परदेशी देणगी घेऊन दुसरीला देणंही बंद झालं, म्हणून तीही वाट नाही. यासाठीच तर चार भारतीय पासपोर्टवाले आपापल्या बचतीतून, आपापल्या बँक खात्यातून शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात पैसे भरतात. त्यांची रक्कम परकीय धरली जात नाही.


प्रेषक: दादा

एक मिनिट. त्या चारांतला एक मी. पैसे माझ्या खात्यातले, जाणार समितीच्या खात्यात, आणि त्या समितीत पाऊण भाग पालक असावेत असं कायदाच सांगतो. मग बिलाचा नियम मंडळाचा कसा?
दुसरं, सावलीचाच प्रयोग करायचा तर शून्य सावलीचा दिवस का नाही? डोक्यावर सूर्य, पायाखाली सावली, पोट्ट्यांना केवढी मजा येईल.


प्रेषक: खजिनदार

आवाहन मंडळाच्या यादीवर झालं, अर्जावर मंडळाचं नाव आहे, उद्या काही बिनसलं तर फोन मला येतो. म्हणून नियम मंडळाचा.


प्रेषक: माई

दादा, तू नागपूरचा ना रे? इथे शून्य सावली २६ मेच्या आसपास येते. तेव्हा शाळा बंद, ऊन पंचेचाळीसच्या घरात, विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी. दुसऱ्यांदा येते १७ जुलैच्या आसपास, तेव्हा आभाळ भरलेलं. पुस्तकात छान वाटतं, पटांगणात जमत नाही.
डिसेंबर म्हणूनच निवडला. बाईंनी हे मला कागदावर काढून दाखवलं आणि मी थक्क झाले: २२ डिसेंबरला नागपुरात मध्यान्हीची सावली जवळजवळ काठीएवढीच पडते. मीटरची काठी, ९९ सेंटिमीटर सावली. पाचवीतल्या मुलाला त्रिकोणमिती लागत नाही, काठी आडवी टाकून बघायची. आणि मध्यान्ह बाराच्या ठोक्याला नसते, कारण आपण प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला. त्या दिवशी बारा वाजून बाराच्या सुमारास. तेही मुलांनीच शोधायचं, पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी खडूने खूण करून.
आता मजा बघा. फिलाडेल्फियात त्याच दिवशी मीटरच्या काठीची सावली दोन मीटर. मराठी शाळेच्या मुलांनी तिकडे मोजायचं, आकडे एकमेकांना पाठवायचे. १२,००० मध्ये काठ्या, टेपा, आणि रमण विज्ञान केंद्रापर्यंतची बस. गाजावाजा काही नाही.
भाऊसाहेब, मनाला लावून घेऊ नका.


प्रेषक: भाऊसाहेब

लावून घेतलंच आहे. महापालिकेच्या शाळेत पाटीवर शिकलो. आमचे मास्तर पटांगणात कडुलिंबाची सावली खडूने आखायचे आणि रेघेला पोचली की घंटा द्यायचे. ढग आले की शाळा सुटायची केव्हा, ते देवालाच माहीत. आज ७१ व्या वर्षी त्याच गावात मी परका. असो. पैसे नाही तर नाही, पण २२ तारखेला इकडची काठी मीच रोवणार.


प्रेषक: एक सभासद (सहसा लिहीत नाही)

वडिलांचं नागपुरात छोटं दुकान होतं, हिशेब मी लिहीत असे. वस्तू विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीच लागत नाही. म्हणजे हा सुतार जीएसटी बिल देऊच शकत नाही. दिलं तर ते खोटं असेल, आणि वाचनालयाच्या वेळचं बिल चांगलं छापील होतं, हे खजिनदारांना आठवत असेलच.
साधी पावती पुरते. नाव, पत्ता, तारीख, कशाचे पैसे, रक्कम अंकी आणि अक्षरी, सही. पाच हजारांवरची रक्कम म्हणून एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर आडवी सही. तिकीट पोस्टात मिळतं.


प्रेषक: खजिनदार

हे मान्य. नियमात 'नोंदणी नसल्यास तिकीट लावलेली पावती' एवढी भर घालतो. तीन कोटेशनं या वेळेपुरती सोडतो. सुताराचा काठ्यांसह एक फोटो मात्र हवा.


प्रेषक: ढोलपथक

मग ताशाच्या काड्यांचं प्रकरण पुन्हा उघडावं ही विनंती.


प्रेषक: माई

एका रुपयाच्या तिकिटासाठी दीड तास. इथे अधिवेशन चालू आहे, यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघून राहिले, बर्डीकडे जायची सोय नाही. पहिल्या पोस्टात संपली होती, दुसऱ्यात पोस्टमास्तर म्हणाले, "एकच पाहिजे?" मी दहा घेतली. पुढच्या वेळी कामी येतील.
सुताराने सही आधी काठीवर पेन्सिलीने करून पाहिली, मग तिकिटावर. फोटो जोडला आहे.
तिकडच्यांसाठी: बर्फ असला तर काठीभोवती साफ करा, काठी जमिनीपासून मीटरभर हवी. आणि इंचाची टेप कृपा करून नको.


प्रेषक: खजिनदार

पावती पाहिली. तिकीट आहे, सही आहे, रक्कम अक्षरी आहे. तारीख नाही.
चौघांना पैसे भरायला सांगितलं आहे. तारीख घालून फोटो पुन्हा पाठवावा.