१३२ केव्ही एसएफ६ ब्रेकर: बी पोलचं रीडिंग जास्त, तरी चार्ज करावा (लाइनवर घ्यावा) का?

नवी_बे
मंडळी, १३२/३३ केव्ही सबस्टेशनमध्ये नवा ब्रेकर (बिघाडात करंट तोडणारा, एसएफ६ गॅस भरलेला स्विच) उभा केलाय. १४५ केव्ही क्लास, ३१५० अँपिअर, स्प्रिंग मेकॅनिझम, तिन्ही पोल (आर, वाय, बी या फेजचे) एकाच मेकॅनिझमवर. शेजारची बे (शेजारच्या लाइनचा विभाग) चालू आहे. गॅस नेमप्लेटप्रमाणे भरलाय. रीडिंग अशी:

कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स (१०० अँपिअर डीसी): आर ४१, वाय ४३, बी ७८ मायक्रोओहम. फॅक्टरी रिपोर्टमध्ये तिन्ही ३९ ते ४२.
क्लोज (आज्ञेपासून लागेपर्यंत): ६८, ६९, ७४ मिलिसेकंद.
ट्रिप (आज्ञेपासून सुटेपर्यंत): २५, २५, २२ मिलिसेकंद.
५ केव्ही मेगरला (इन्सुलेशन तपासणारं यंत्र) सगळीकडे गिगाओहम.

ठेकेदार म्हणतो, "१०० च्या आत आहे, ट्रिप तर उलट जलद आहे, चालेल." विद्युत निरीक्षकांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. काय करावं?

मायक्रोओहम
चार्ज करू नका. १०० हा आकडा या ब्रेकरचा नाहीच. तुलना त्याच पोलच्या फॅक्टरी रीडिंगशी करायची आणि त्याच्या १.२ पटीपर्यंतच मान्य करायचं, म्हणजे इथे साधारण ५०. ७८ म्हणजे जवळजवळ दुप्पट. जादा ३८ मायक्रोओहममधून १२५० अँपिअर गेले तर ५९ वॅट उष्णता, पूर्ण ३१५० गेले तर ३७७ वॅट, आणि तीही बंद चेंबरच्या आत.

आधी मोजणी तपासा. करंटच्या लीड बाहेरच्या बाजूला, व्होल्टेजच्या लीड आतल्या बाजूला आणि थेट ब्रेकरच्या टर्मिनल पॅडवर लावा. व्होल्टेजची लीड कंडक्टरच्या क्लॅम्पवर लावली असेल, तर क्लॅम्पचा सांधाही रीडिंगमध्ये येतो. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइड वायर ब्रशने घासून, कॉन्टॅक्ट ग्रीस लावून, टॉर्क रेंचने आवळला नसेल तर वीस-तीस मायक्रोओहम तिथेच निघतात. मग ब्रेकर चार-पाच वेळा क्लोज-ट्रिप करून पुन्हा घ्या. कॉन्टॅक्टवर पातळ थर असेल तर घासून जातो आणि रीडिंग उतरतं.

टायमिंग_किट
वरचं बरोबर आहे, पण मला क्लॅम्पपेक्षा टायमिंगची जास्त काळजी वाटते. ५० हर्ट्झला तीन पोलमधला फरक क्लोजला ५ मिलिसेकंदांच्या आत हवा, ट्रिपला ३.३ च्या आत. तुमचा क्लोजचा फरक ६, म्हणजे नापास. ट्रिपचा ३, म्हणजे कागदावर पास. पण बी पोल उशिरा लागतो आणि लवकर सुटतो, हे एकत्र वाचा. "जलद ट्रिप" ही इथे चांगली खूण नाही. बी पोलचा कॉन्टॅक्ट आत कमी शिरतोय असा त्याचा अर्थ होतो. लागतानाचा वेग सेकंदाला ३-४ मीटर धरला तर ५ मिलिसेकंद म्हणजे १५ ते २० मिलिमीटर. आर्किंग कॉन्टॅक्ट (ठिणगी झेलणारा) लागल्यानंतर मेन कॉन्टॅक्ट (नेहमीचा करंट वाहणारा) लागतो, त्यामुळे शिरकाव कमी पडला की फटका आधी मेन कॉन्टॅक्टला बसतो. रेझिस्टन्स वाढण्याचं कारणही तेच असू शकतं. बी पोलकडे जाणारा लिंकेज रॉड उभारणीत नीट जुळवलेला नसावा.

परमिट_आधी
पुन्हा टेस्टला हात लावण्याआधी:

शेजारची बे चालू आहे, त्यामुळे एलबीबी (ब्रेकर सुटला नाही तर बसवरचे बाकीचे ब्रेकर पाडणारं प्रोटेक्शन) आणि बसबार प्रोटेक्शनच्या ट्रिप लिंक आधी उघडा. नाहीतर तुमच्या टेस्टमध्ये अख्खी बस जाईल. दोन्ही आयसोलेटर उघडून कुलूप, दोन्ही बाजूंना अर्थिंग, मगच परमिट (कामाचा लेखी परवाना).

रेझिस्टन्स घेताना दोन्हीकडचं अर्थिंग राहू द्या, आकडा फार तर एक-दोन टक्के हलतो. टायमिंगला साध्या किटवर एका बाजूचं काढावं लागतं, कारण ब्रेकर उघडला तरी किटला तो अर्थमधून बंदच दिसतो. क्रम चुकवू नका: किटचं अर्थ जोडा, लीड जोडा, मग एका बाजूचं अर्थिंग काढा. संपल्यावर आधी अर्थिंग परत, मग लीड सोडा. मोकळ्या कंडक्टरवर शेजारच्या बेमुळे इंड्यूस होणारं व्होल्टेज जीव घेण्याइतकं असतं.

मेकॅनिझमच्या पेटीत हात घालायचा असेल तर मोटरचा एमसीबी बंद करा आणि स्प्रिंग रिकाम्या करा. ब्रेकर लागलेला असेल तर ट्रिप-क्लोज-ट्रिप, उघडा असेल तर क्लोज-ट्रिप. इंडिकेटर "डिस्चार्ज्ड" दाखवतोय हे डोळ्यांनी बघा, मग डीसी सप्लायही काढा. गॅसचा दाब लॉकआउटच्या (ब्रेकर चालवायला लागणाऱ्या किमान दाबाच्या) खाली असेल तर ब्रेकर हलवूच नका. आणि गळती वाटली तर केबल ट्रेंचमध्ये उतरू नका, एसएफ६ हवेच्या पाचपट जड आहे, खाली साचतो आणि त्याला वास नसतो.

नवी_बे
धन्यवाद. पॅडवरून, पाच ऑपरेशननंतर: बी ७४. टायमिंग तेच. रॉड आम्हीच फिरवू का?

टायमिंग_किट
नाही. ७८ चे ७४ झाले, म्हणजे क्लॅम्प आणि थर मिळून चारच, बाकी दोष आतला. रॉडचा एक आटा फिरला की स्ट्रोक (एकूण चाल), ओव्हरट्रॅव्हल (ठरलेल्या जागेपुढची चाल) आणि डॅम्पिंग (शेवटचा धक्का जिरवणं) तिन्ही बदलतात. ते निर्मात्याच्या माणसाने गेजवर आणि ट्रॅव्हल ट्रान्सड्यूसर (चाल मोजणारं यंत्र) लावूनच करायचं. त्याच्याकडून डीसीआरएमचा (ब्रेकर हलत असताना रेझिस्टन्स मोजणारी टेस्ट) आलेखही घ्या. मेन कॉन्टॅक्ट कुठे लागतो ते त्यात स्पष्ट दिसतं, आणि पुढच्या मेंटेनन्सला तोच आलेख आधार होतो.

जुळवणीनंतर रेझिस्टन्स आणि टायमिंग तिन्ही पोलचं नव्याने घ्या, फक्त बीचं नाही. २२० व्होल्ट डीसी असेल तर दोन्ही ट्रिप कॉइल वेगवेगळ्या १५४ व्होल्टवर (७० टक्के), क्लोज कॉइल १८७ वर (८५ टक्के) चालली पाहिजे. क्लोजची आज्ञा धरून ठेवून ट्रिप द्या: ब्रेकर सुटून सुटलेलाच राहिला तर अँटी-पंपिंग (ब्रेकर पुन्हा पुन्हा लागू न देणारी व्यवस्था) ठीक. शेवटी ओ – ०.३ सेकंद – सीओ (ट्रिप, ०.३ सेकंदांनी क्लोज आणि लगेच ट्रिप).

मायक्रोओहम
एक भर. लिंकेज हलवल्यावर ऑक्झिलरी स्विचही (ब्रेकरबरोबर फिरून कॉइलचा सप्लाय तोडणारा) बघा. तो उशिरा फिरला तर कॉइलचा सप्लाय तुटत नाही, आणि क्षणभराच्या कामासाठी बनवलेली कॉइल काही सेकंदांत जळते. नवीन ब्रेकरवर कॉइल जळण्याचं हे नेहमीचं कारण आहे. निरीक्षकांची तारीख पुढे ढकलावी लागली तरी ढकला.